सातबाऱ्यावरचे झुडूप आणि नागपूरचे न्यायालय

भद्रावतीच्या केशरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला नागपूरहून निघालेला यात्रेकरू वरोरा ओलांडतो, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा त्याला एक ओळखीचे दृश्य दिसते. धानाचे बांध, मध्येच एखादी बोडी, तिच्याकाठी पळस, बोर आणि रायमुनियाची गच्च झुडपे, आणि त्यांना लागूनच लाकडाची वखार, पेट्रोल पंप, सिमेंटचे गोदाम, उपाहारगृह. ही झुडपे आणि ही गोदामे एकाच जमिनीवर उभी असू शकतात, आणि त्या जमिनीचे सरकारी नाव दोहोंसाठी एकच असू शकते, हे प्रवाशाच्या ध्यानी येण्याचे कारण नाही. ते नाव ‘झुडपी जंगल’. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नागपूर आणि वर्धा या सहा जिल्ह्यांबाहेर हा शब्द महसुली दप्तरात सापडत नाही. या सहा जिल्ह्यांतील व्यापारी घराण्यांच्या कपाटात मात्र तो कुठल्या ना कुठल्या कागदावर दडलेला असतो. दुकानावर कर्ज काढायचे ठरले, भावाभावांत वाटणी निघाली किंवा मुलाच्या नावे फेरफार करायचा झाला, की तो वर येतो.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाचा अर्थ कायमचा ठरवून दिला. निकाल सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन मसिह यांच्या पीठाचा. न्यायमूर्ती गवई मूळचे अमरावतीचे, वकिलीची उमेदीची वर्षे नागपूर खंडपीठात गेलेली. झुडपी जंगल हे काय प्रकरण आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.

प्रकरणाचे मूळ मालगुजारीच्या काळात आहे. जुन्या मध्य प्रांतात गावाची पडीक, खुरटी झुडपे असलेली जमीन गुरे चारण्यासाठी, सरपणासाठी, स्मशानासाठी, खळ्यासाठी राखून ठेवलेली असे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि अशा जमिनी सरकारजमा झाल्या. निस्तार पत्रकात त्यांची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी झाली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, त्याच्याबरोबर ही नोंदही आली. जंगल हा शब्द तेव्हा कोणी फारसा मनावर घेतला नाही. साहेबांच्या दप्तरात ती पडीक जमीनच होती. शाळा, दवाखाने, बसस्थानके, वसाहती, बाजारपेठा तिच्यावर उभ्या राहिल्या. नागपुरातील उच्च न्यायालयाची इमारतसुद्धा अशाच नोंदीच्या जमिनीवर असल्याचा उल्लेख या प्रकरणात आला. जे न्यायालय जंगलाचे वाद ऐकते तेच कागदोपत्री जंगलात बसलेले आहे, यावर विदर्भात पुष्कळ विनोद झाले.

पेच १९८० मध्ये पडला. त्या वर्षी २५ ऑक्टोबरपासून वन संवर्धन कायदा लागू झाला, आणि जंगलजमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची तर केंद्राची परवानगी आवश्यक ठरली. पुढे १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी नोंदीत जे जंगल म्हणून लिहिले आहे ते जंगलच समजावे, मग मालकी कोणाचीही असो. त्या एका वाक्याने पूर्व विदर्भातील हजारो दुकाने, घरे आणि कार्यालये एका रात्रीत संशयाच्या छायेत गेली. राज्य सरकारचे म्हणणे होते की यातील सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनीकरणाच्या योग्यतेचीच नाही, सबब ती जंगलाच्या व्याख्येतून वगळावी.

न्यायालयाने ती मागणी सरसकट मान्य केली नाही. झुडपी जंगल हे जंगलच, हे तत्त्व कायम ठेवले. पण १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जमिनी सक्षम अधिकाऱ्याने रीतसर दिल्या, त्यांच्यासाठी दार उघडे ठेवले. अशा जमिनींचा जिल्हावार एकत्रित प्रस्ताव राज्याने केंद्राकडे पाठवावा, केंद्राने पर्यायी वनीकरणाचा किंवा जंगलाच्या मूल्याचा भार न लादता तो मंजूर करावा, असा आदेश झाला. १९९६ नंतरच्या वाटपालाही केंद्राकडे जाता येईल, पण आधी ते वाटप करणाऱ्या अधिकाऱ्यांवर काय कारवाई झाली हे दाखवावे लागेल. उरलेले तीन हेक्टरपेक्षा लहान, जंगलापासून तुटलेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करण्याची मुभा राज्याला दिली. २५ ऑक्टोबर १९८० नंतरच्या व्यापारी अतिक्रमणांबाबत मात्र निकाल कठोर आहे. ती दोन वर्षांत हटवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष पथक नेमावयाचे आहे.

व्यापारी कुटुंबाने या निकालात दोन गोष्टी नीट वाचाव्यात. पहिली, ‘वाटप’ आणि ‘अतिक्रमण’ यांतील भेद. आजोबांनी ग्रामपंचायतीला दरवर्षी कर भरला, वीज घेतली, नगरपालिकेने घर क्रमांक दिला, म्हणून जमीन ‘मिळाली’ असे होत नाही. कर भरल्याची पावती म्हणजे ताब्याचा पुरावा, हक्काचा नव्हे. हक्काचा कागद म्हणजे तहसीलदाराचा, जिल्हाधिकाऱ्याचा किंवा अन्य सक्षम अधिकाऱ्याचा आदेश, त्याचा क्रमांक आणि त्याची तारीख. तारीख १२ डिसेंबर १९९६ च्या अलीकडची की पलीकडची, यावर सारे अवलंबून आहे. मूल, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या गावांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी किराणा किंवा कापडाचे दुकान थाटले, त्यांच्याकडे असा आदेश असण्याची शक्यता असते, पण तो घराच्या जुन्या पेटीत नव्हे, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतो. त्याची प्रमाणित प्रत आज मागणे आणि जिल्ह्याचा प्रस्ताव पाठवून झाल्यावर मागणे यांत फार अंतर आहे.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. नियमित झालेल्या जमिनीचा वापर पुढे बदलता येणार नाही आणि तिचे हस्तांतर वारसाहक्कानेच होईल, अशी अट या सवलतीला जोडलेली आहे. अर्थ सरळ आहे: ती जागा मुलाला मिळेल, नातवाला मिळेल, पण विकता येणार नाही. व्यापारी माणूस जमिनीकडे संकटकाळची ठेव म्हणून पाहतो. मुलीच्या लग्नाला, धंद्यातील तोट्याला, आजारपणाला जमीन उपयोगी पडते, कारण ती विकता येते. जी विकता येत नाही ती जमीन बँकेच्या नजरेतही हलकी ठरते. घर राहील, पत जाईल, असा हा सौदा आहे. तरीही दुकान पाडले जाण्यापेक्षा तो बरा, हे कोणीही मान्य करील.

या भागातील जमिनीचा प्रश्न निघाला की आणखी एक जुना कायदा आठवावा लागतो, कारण त्याची धग अनेक व्यापारी घराण्यांनी सोसली आहे. १९७४ मध्ये महाराष्ट्राने आदिवासींच्या जमिनी त्यांना परत देण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनींचे व्यवहार तपासून त्या मूळ मालकाला परत करण्याची तरतूद त्यात होती. व्यवहार कायदेशीर खरेदीखताने झालेला असला, पूर्ण किंमत मोजलेली असली, तरी जमीन परत जाऊ शकत होती. चंद्रपूर जिल्ह्यात, ज्यात तेव्हा गडचिरोलीही होते, याचे परिणाम मोठे झाले. या कायद्याला आव्हान मिळाले, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. सावकारीच्या कर्जापायी, एका पायली धानाच्या उसनवारीपायी, अंगठा उठवून घेतलेल्या कागदापायी ज्या जमिनी गेल्या, त्या परत करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असा त्या निकालाचा आशय. त्याच निकालाने आणखी एक तरतूद टिकवली. या कायद्याखालील चौकशीत वकिलाला उभे राहण्याची परवानगी नव्हती. कारण उघड होते. वकील लावण्याची ऐपत एकाच पक्षाला होती. त्या पिढीतील काही कुटुंबांना हा निकाल अन्यायाचा वाटला, आणि प्रामाणिक किंमत देऊन जमीन घेतलेल्यांच्या बाबतीत त्या भावनेत तथ्यही होते. पण त्या काळातील खरेदीखतांची किंमत कशी ठरत असे, हे ज्याने घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्याला न्यायालयाचे म्हणणे समजण्यास अवघड जाऊ नये.

१९७४ नंतर आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही. तरीही मित्राच्या, नोकराच्या नावाने व्यवहार करण्याची चाल अधूनमधून ऐकू येते. असा व्यवहार कोणत्याही न्यायालयात टिकत नाही, आणि ज्याच्या नावावर जमीन घेतली त्याच्या मुलाने उद्या हक्क सांगितला तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

जंगलाच्या मालाचा धंदा करणाऱ्यांसाठी मालक कोण हा प्रश्न याहून वेगळ्या वाटेने बदलला. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव. दिल्ली आणि मुंबईत सरकार असेल ते असेल, आपल्या गावात आपण सरकार, ही भूमिका घेऊन ते उभे राहिले. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्याखाली २००९ मध्ये मेंढा गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू आणि तेंदूपान यांना गौण वनोपज ठरवले होते, तरी बांबू म्हणजे झाड असा हट्ट धरून वनखाते वाहतूक परवाना आपल्या हाती ठेवू पाहत होते. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. पुढे ग्रामदान कायद्याच्या अंमलबजावणीसाठी या गावाला नागपूर खंडपीठाचीही पायरी चढावी लागली. कायदा १९६४ चा, गाव ग्रामदानाला तयार, आणि अंमलबजावणीसाठी याचिका! सरकारी यंत्रणेचा वेग या एका गोष्टीवरून ताडता येतो.

व्यापाऱ्यांवर याचा परिणाम काय झाला, हे कोणत्याही तेंदू ठेकेदाराला विचारावे. पूर्वी निविदा वनखात्याच्या कार्यालयात उघडत असे, एका सहीने मोठे क्षेत्र मिळे. आता अनेक ठिकाणी ग्रामसभा स्वतः लिलाव करतात. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे जंगलात जाऊन बायका-मुले पाने तोडतात, घरी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात, आणि संध्याकाळी ते फडावर मोजले जातात. हजार पुड्यांचे एक प्रमाण गोणी. मजुरी, स्वामित्वशुल्क, हप्त्यांची मुदत, पावसात भिजलेल्या मालाची जबाबदारी, हे सारे आता ग्रामसभेच्या ठरावात लिहिलेले असते. ठराव वाचून न पाहता सही करणारा ठेकेदार पुढे न्यायालयात गेला, तर तिथे पहिला प्रश्न त्या ठरावाचाच निघतो. ज्या व्यापाऱ्यांनी ग्रामसभेला बरोबरीचा पक्ष मानून व्यवहार केले, वेळेवर पैसे दिले, त्यांना पुढच्या हंगामात माणसे शोधावी लागली नाहीत. इतरांचा अनुभव फडाफडावर ऐकायला मिळतो.

आता एक निकाल, ज्याचा जमिनीशी किंवा मालाशी संबंध नाही, पण तारखेशी आहे. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतर पाच जणांना माओवादी संघटनेशी संबंध ठेवल्याबद्दल दोषी ठरवले. पाच जणांना जन्मठेप, एकाला दहा वर्षे. साईबाबा चाकांच्या खुर्चीला खिळलेले होते. नक्षली हिंसेने गडचिरोलीत पोलिसांचे, आदिवासींचे, ठेकेदारांचे किती बळी घेतले हे त्या भागात धंदा करणाऱ्या कुटुंबांना सांगावे लागत नाही. जाळलेले ट्रक आणि खंडणीच्या चिठ्ठ्या त्यांनी पाहिलेल्या आहेत. म्हणून या खटल्याच्या निकालाने त्या भागात समाधान व्यक्त झाले, तर ते समजण्यासारखे होते.

पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०२२ रोजी, नागपूर खंडपीठाने सर्वांना मुक्त केले. कारण होते एका मंजुरीचे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा अतिशय कडक आहे. जामीन जवळजवळ अशक्य, शिक्षा जबर. म्हणूनच संसदेने त्यात एक अडसर ठेवला: पोलिसांनी गोळा केलेला पुरावा एका स्वतंत्र अधिकाऱ्याने तपासावा, त्याच्या शिफारशीवर सरकारने खटल्याला मंजुरी द्यावी, आणि त्यानंतरच न्यायालयाने दखल घ्यावी. साईबाबांविरुद्ध आरोप निश्चित झाले २१ फेब्रुवारी २०१५ रोजी. त्यांच्यावर खटला चालवण्याची मंजुरी आली ६ एप्रिल २०१५ रोजी. गाडी सुटून गेल्यावर तिकीट काढावे तसा हा प्रकार. इतर पाच जणांसाठी मंजुरी आधी मिळालेली होती, पण तिला आधार असलेला अहवाल कारणे न देणारा, त्रोटक होता, असे खंडपीठाला आढळले.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन या निकालाला स्थगिती दिली. १९ एप्रिल २०२३ रोजी तो रद्द करून सर्व मुद्दे मोकळे ठेवत प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे, वेगळ्या पीठाकडे पाठवले. नव्या पीठाने, न्यायमूर्ती विनय जोशी आणि न्यायमूर्ती वाल्मिकी मेनेझिस यांनी, ५ मार्च २०२४ रोजी पुन्हा सर्वांना निर्दोष ठरवले. या वेळी मंजुरीबरोबर पुरावाही तपासला गेला. संगणकातील मजकूर ज्या झडतीत जप्त झाला, त्या झडतीचा पंच लिहिता-वाचता न येणारा होता. झडती, जप्ती आणि पंचनामा यांवर विश्वास ठेवता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. या निकालाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि तो सकृद्दर्शनी सुयोग्य कारणे देणारा असल्याचा अभिप्राय दिला.

सहा आरोपींपैकी एक गडचिरोलीतील आदिवासी तरुण ऑगस्ट २०२२ मध्ये, पहिल्या निकालाच्या सुमारे सात आठवडे आधी, तुरुंगवासातच मरण पावला होता. साईबाबा मार्च २०२४ मध्ये नागपूर कारागृहातून बाहेर आले आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हैदराबादेत वारले.

व्यापाऱ्याला या निकालातले तत्त्व परके नाही. आयकराची किंवा वस्तू व सेवा कराची नोटीस आली की त्याचा सनदी लेखापाल प्रथम काय पाहतो? तारीख. कारणे लिहिली आहेत की नाहीत, वरिष्ठांची मंजुरी आधी घेतली की नंतर, पंचनाम्यावर सही कोणाची. त्या वेळी कोणी म्हणत नाही की ही केवळ तांत्रिक बाब आहे. जी ढाल आपल्या दुकानावर छापा पडल्यावर हवीशी वाटते, ती दुसऱ्याला मिळाली की तांत्रिक वाटू लागते, हा मनुष्यस्वभाव. मंजुरीचा कागद एखाद्या खऱ्या गुन्हेगाराला सुटण्याची वाट करून देऊ शकतो, हेही खरे. त्यावर उपाय मंजुरी वेळेवर आणि काळजीपूर्वक घेणे हाच. तेवढे काम न करणाऱ्या अधिकाऱ्याने आरोपींचे आणि हिंसेत होरपळलेल्या कुटुंबांचे, दोघांचेही नुकसान केले.

याच जिल्ह्यातील एक जुना निकाल मात्र नवा वाटावा इतका जवळचा आहे. वडसा म्हणजे देसाईगंज, गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचे व्यापारी गाव. धानाच्या गिरण्यांचे गाव म्हणून ते व्यापाऱ्यांना परिचित आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात एक अनाथ आदिवासी मुलगी आणि तिचे नातलग जबाब देण्यासाठी आले. तिच्या भावानेच तक्रार दिली होती. मुलगी दुसऱ्याच्या घरी मोलमजुरी करून राहत असे. जबाब झाल्यावर इतरांना बाहेर पाठवून तिला ठाण्यातच थांबवून घेतले गेले. दोन पोलिसांवर अत्याचाराचा आरोप आला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी त्यांना सोडून दिले. तिची संमती होती, असा तर्क.

१२ ऑक्टोबर १९७६ रोजी नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे त्यांनी स्पष्ट केले. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, भाऊ बाहेर उभा असताना, अनोळखी शिपायांपुढे एखादी मुलगी स्वखुशीने जाईल हे पटण्यासारखे नाही, इतका साधा विचार त्यामागे होता. शिक्षा झाली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ती रद्द केली आणि पोलीस सुटले.

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर तसे गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. ती आज भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. नंतर, २०१३ मध्ये, प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हेही कायद्यात लिहिले गेले. १९७६ मध्ये नागपूरच्या दोन न्यायमूर्तींनी जे म्हटले होते, ते कायद्याच्या पुस्तकात यायला सदतीस वर्षे लागली. त्या मुलीचे नाव त्या काळी देशभर छापले गेले आणि ते प्रकरण तिच्याच नावाने ओळखले जाते. १९८३ च्याच दुरुस्तीने असे नाव छापण्यास मनाई केली. म्हणून येथे ते दिलेले नाही. व्यापारी घरांत आजही धुणीभांडी, स्वयंपाक, लहान मुलांचा सांभाळ अशा कामांना आदिवासी पाड्यांतून मुली येतात. त्या मुलीही दुसऱ्याच्या घरी मोलमजुरी करूनच राहतात.

शेवटी हत्तींचे. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाची हत्तीण महादेवी, जिला भक्त माधुरी म्हणत, तिचे प्रकरण या वाचकांच्या घराघरांत चर्चिले गेले आहे. ती १९९२ पासून मठात होती. १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या हत्ती कल्याण न्यासाकडे पाठवण्याचा आदेश कायम केला. मिरवणुकीत हत्ती वापरण्याचा माणसाचा हक्क आणि चांगले जीवन जगण्याचा हत्तीचा हक्क यांत निवड करायची वेळ आली तर हत्तीचा हक्क वरचढ, अशी न्यायालयाची भूमिका होती. २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली.

त्यापूर्वी तीन वर्षे हाच प्रश्न गडचिरोलीत उभा राहिला होता, पण त्याची चर्चा जैन समाजात फारशी झाली नाही. अहेरी तालुक्यातील कमलापूर येथे वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. आलापल्लीच्या सागवानी जंगलात लाकूड ओढण्यासाठी पाळलेल्या हत्तींची ही वंशपरंपरा. ओंडके यंत्रे ओढू लागली, हत्ती मात्र तिथेच राहिले, आणि रविवारी मुलाबाळांना घेऊन त्यांना पाहायला येणे हा आसपासच्या गावांचा विरंगुळा झाला. २०२२ मध्ये कमलापूर आणि ताडोबा येथील हत्ती जामनगरच्या त्याच न्यासाकडे पाठवण्याचे ठरले. बातम्या आल्या, गावकऱ्यांनी विरोध केला, आणि नागपूर खंडपीठाने वृत्तांची स्वतःहून दखल घेतली. नांदणीत मठाने हत्ती राखावा म्हणून लोक उभे राहिले. कमलापुरात सरकारने राखावा म्हणून. अहिंसा धर्म मानणाऱ्या समाजाला दोन्ही ठिकाणचा प्रश्न सारखाच अवघड असायला हवा होता: साखळीत बांधलेल्या प्राण्यावरचे प्रेम हे कोणाचे सुख, त्याचे की आपले? पण नांदणीत श्रद्धा गुंतलेली होती, आणि कमलापूर दूर आहे, रस्ता वाईट आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये मठ, राज्य सरकार आणि जामनगरचा न्यास यांनी महादेवीला परत आणण्याच्या दिशेने पाऊल टाकले. नांदणी परिसरातच तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तिच्यासाठी मोकळी जागा, पाण्याचे तळे आणि पशुवैद्यकीय सोय उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. कमलापूरच्या हत्तींना चरण्यासाठी जंगलात सोडले जाते.